डोझरचा आवाज

ओरेस्ट ह्नाट्यूकला त्या दिवशी जो शब्द सापडला नाही, तो होता ‘शिट्टी’.

काचेच्या खोलीत तो एकटाच उभा होता. कानांवर हेडफोन, समोर माइक, बाजूच्या स्टँडवर संवादांचे कागद. वाक्य अगदी साधं होतं. डोझर नावाचा राक्षसी बचावपटू मैदानात दोन्ही हात तुटून पडलाय आणि सोबत्यांना म्हणतोय, ‘पंचानं शिट्टी वाजवली की उठवा मला, तोवर जरा मरून घेतो.’ ओरेस्टनं हे वाक्य सकाळी दात घासताना दहादा म्हणून पाहिलं होतं. आता ‘पंचानं’ म्हणाला आणि पुढे काहीच नाही. नुसता अंधारही नाही, काहीच नाही. त्यानं कागदाकडे पाहिलं. शब्द तिथे होता, पण त्या अक्षरांकडे बघून मुंग्यांची रांग बघावी तसं वाटलं.

‘पंचानं...’ तो पुन्हा म्हणाला. ‘पंचानं ते... ते हे... ते तोंडात घालून फुंकतात ते... ते केलं की उठवा मला.’

काचेपलीकडे हशा पिकला. मालिकेचा लेखक टोबिन ग्रीर टेबलावर कपाळ टेकवून हसत होता. आवाजाचं दिग्दर्शन करणारी कॅरिस त्सांग डोळे पुसत होती. टोबिननं बटण दाबलं आणि त्याचा आवाज ओरेस्टच्या कानात आला.

‘पैलवान, हे कुठून काढलंत? मी महिनाभर बसलो असतो तरी सुचलं नसतं. हेच ठेवायचं.’

ओरेस्टही हसला. हसताना त्याच्या पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत उतरत होती.

मालिकेचं नाव ‘ग्राइंडबॉल’. मोठ्यांची कार्टून मालिका, मुलं झोपल्यावर बघायची. काळ साडेतीनशे वर्षांनंतरचा, जागा शनीची कडी, आणि खेळ असा की चेंडूलाच पाती लावलेली. खेळाडूंची मुंडकी उडतात, धडं चिरडतात, आणि पुढच्या डावाला तेच खेळाडू शरीरांच्या कारखान्यातून नवे होऊन बाकावर येऊन बसतात, तोंडानं एकमेकांची आई-बहीण काढत. अशा मालिकांत आवाज आधी घेतात आणि चित्रं मागाहून आवाजावर बेतून काढतात. त्यामुळे ओरेस्टनं जसं म्हटलं तसा डोझर घडत गेला. वाळूचा ट्रक रिकामा व्हावा तसा तो आवाज, आणि त्यामागे एक दमलेला, भला माणूस. प्रेक्षकांनी डोझरला डोक्यावर घेतलं होतं.

हा आवाज ओरेस्टनं कुठे शिकून मिळवला नव्हता. तो गळ्यावर बसलेल्या ठोशांचा होता. सास्काचवान प्रांतातल्या एका गव्हाच्या गावातला हा मुलगा सोळाव्या वर्षी आइस हॉकी खेळायला घराबाहेर पडला आणि पुढं अकरा वर्षं व्यावसायिक संघांत होता. अकरा वर्षांत त्याचे गोल नऊ. त्याला गोल करायला ठेवलंच नव्हतं. आपल्या संघातल्या नाजूक, हुशार पोरांना कुणी आडवं पाडलं की ओरेस्टनं बर्फावर हातमोजे टाकायचे आणि त्या माणसाला ठोकायचं, एवढंच त्याचं काम. प्रेक्षक त्यासाठी उभे राहायचे. अशा दोनशेच्या वर मारामाऱ्या झाल्या. नाक पाच वेळा मोडलं. डोकं किती वेळा गरगरलं हे कुणी मोजलं नाही, त्यानंही नाही. त्या काळी डॉक्टर दोन बोटं दाखवून ‘किती?’ विचारायचा आणि सगळ्यांना ठाऊक असायचं की उत्तर नेहमी दोनच असतं.

खेळ सुटल्यावर तो बायकोला घेऊन व्हँकूवरला आला, टायरच्या दुकानात लागला, रेडिओवर त्याच दुकानाची जाहिरात बोलला, आणि तिथून टोबिनच्या कानावर पडला. टोबिन एकतीस वर्षांचा. लहानपणी त्याच्या पलंगाच्या वर ओरेस्टचं रक्ताळलेलं चित्र लावलेलं होतं. पहिल्या भेटीत त्यानं ओरेस्टचा हात सोडलाच नाही.

तर ‘शिट्टी’चं असं झालं. तो भाग दाखवला गेला आणि लोकांना डोझरचं विसरणं भयंकर आवडलं. टोबिननं लगेच त्यावर बांधकाम चढवलं: डोझरचं मुंडकं इतक्या वेळा उडालंय की कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक नव्या मुंडक्यात आठवण थोडी कमी भरली जाते. मग दर भागात डोझर काहीतरी विसरू लागला. बुटांची नाडी, आपला संघ, आपलं नाव. बसस्टॉपवरच्या पोरांच्या सदऱ्यांवर डोझरचं थोबाड आणि खाली ‘मी कोण?’ असं दिसू लागलं. एकदा सुपरमार्केटात एका बाईनं ओरेस्टला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, ते विसरणं करून दाखवा ना. त्यानं करून दाखवलं. तिनं ते फोनवर टिपून घेतलं. ती गेल्यावर तो ढकलगाडीला धरून उभा राहिला, कारण आपण इथे काय घ्यायला आलो होतो ते त्याला खरोखरच आठवेना.

त्यानं युक्त्या शोधल्या. संवादांच्या कागदावर प्रत्येक नावाला वेगळा रंग लावायचा. स्टुडिओत जाताना रस्ता मोठ्यानं म्हणायचा: रुळांपर्यंत सरळ, मग डावीकडे, मग निळं गोदाम. खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर कॅरिसचं नाव, टोबिनचं नाव, गाडीचा नंबर. ल्यूबानं, त्याच्या बायकोनं, धुवायला पँट घेतली तेव्हा ती चिठ्ठी तिच्या हाती लागली. तो म्हणाला, कामाची आहे. तिनं ती इस्त्रीच्या टेबलावर नीट सपाट करून ठेवली आणि काही बोलली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात ल्यूबा गप्प बसली की त्याला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी ती भीती घरात येऊन बसली.

तो तळघरात जुन्या स्केटला धार लावत होता, निदान त्याच्या आठवणीत तरी तसंच होतं. वर आला तर स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्याचा आणि परतलेल्या कांद्याचा वास होता. ल्यूबा रविवारी पेरोगी करायची, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. ओट्यावर पिठाच्या लाट्या तशाच अर्धवट पडलेल्या, आणि ल्यूबा बोळात वाकून काहीतरी झाडत होती. पांढरा चुरा. वर भिंतीला भोक पडलं होतं, डोक्याएवढं, आतली लाकडी पट्टी दिसत होती.

‘हे काय झालं?’ त्यानं विचारलं.

ल्यूबा झाडायची थांबली. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी कुत्रं समोर आल्यावर माणूस पाहतो. हलायचं नाही, पाठही करायची नाही.

‘तूच केलंस,’ ती म्हणाली.

‘मी? कधी?’

‘आत्ता. वीस मिनिटं झाली असतील.’

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्या मुठीची बोटं सोललेली होती आणि जखमांत तोच पांढरा चुरा भरला होता. ती बोटं दुखतायत हे त्याला पाहिल्यावर कळलं.

‘कशावरून?’

‘मी म्हटलं, आंबट साय संपलीय, दुकानात जाऊन आण. एवढंच.’

‘मग मी काय म्हणालो?’

‘ते जाऊ दे.’

‘ल्यूबा, मी तुला हात लावला का?’

‘नाही,’ ती म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली. ‘भिंतीला लावलास.’

त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पाय पुढे पडेना. बोळ अरुंद होता, आणि तिला बाहेर पडायला त्याच्या अंगावरूनच जावं लागलं असतं. हे तिच्याही लक्षात आलं असणार, कारण तिनं केरसुणी दोन्ही हातांनी धरली होती. तो मागे सरला आणि त्यानं वाट मोकळी करून दिली. ती झटकन निघून गेली. तिच्या पावलांतली ती घाई त्याला भिंतीच्या भोकापेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर तो घरभर फिरला. मुलगी पूर्वी राहायची त्या खोलीत ल्यूबा हल्ली झोपे. ओरेस्ट घोरतो म्हणून, असं दोघांनी ठरवलं होतं. त्या दाराला आतून पितळी कडी होती. नवी. खाली गालिच्याच्या कडेला लाकडाचा भुसा अजून अडकलेला. पण त्या भुशावर धूळ बसली होती. म्हणजे कडी कालची नव्हती. म्हणजे काल पहिल्यांदा झालं नव्हतं.

तो मुलीच्या पलंगाच्या कडेवर किती वेळ बसून राहिला कोण जाणे. आपण आणखी काय काय केलं असेल, ही यादी करायचीही सोय नव्हती. विसरलेली चावी निदान शोधता येते. हे कुठे शोधणार?

त्याला रेजाँ आठवला. रेजाँ ब्रिसोन, क्वेबेकचा. समोरच्या संघातला ठोकणारा. दोघं बर्फावर अकरा वेळा भिडले होते, एकमेकांचे दात पाडले होते, आणि खेळ सुटल्यावर जिवलग झाले होते. एकमेकांचं काम दुसऱ्या कुणाला कळतच नव्हतं. रेजाँ आता मेंदूच्या रोग्यांना सांभाळणाऱ्या एका आश्रमात होता आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवावं लागे, कारण माणूस दिसला की तो उठे. त्याची बायको क्लोदेत हिच्या मनगटात स्टीलची पट्टी होती. ती जिन्यावरून पडली असं सगळ्यांना सांगितलं होतं.

ओरेस्टनं तिला फोन केला. आधी हवापाण्याचं बोलला. क्लोदेत ऐकत राहिली आणि मग तिनंच विचारलं, तुझंही सुरू झालं का?

ओरेस्टनं आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

‘घाबरलायस?’

‘हो.’

‘मग ऐक,’ क्लोदेत म्हणाली. ‘रेजाँही आधी घाबरायचा. रडायचा, माझे पाय धरायचा, दारं तपासायचा. मला वाटायचं, याची भीती गेली की बरं होईल. मग एक दिवस ती गेली. सकाळी उठला तो अगदी शांत. मला वाटलं, चला, सुटलो. त्याच आठवड्यात मी जिन्याखाली पडले होते. तेव्हा जे करायचं ते घाबरलेला आहेस तोवर कर. नंतर तुला करावंसं वाटणार नाही.’

फोन ठेवून ओरेस्ट भिंतीच्या भोकासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं ठरवलं, ल्यूबाला सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. पण हंगामाचा शेवटचा भाग त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रित व्हायचा होता. तेवढा एक उरकू, मग. माणूस असंच म्हणतो.

त्या भागात टोबिननं डोझरला पार रिकामं केलं होतं. नवं मुंडकं येतं ते कोरंच. डोझरला मित्र-शत्रू काही कळत नाही आणि तो आपल्याच संघावर तुटून पडतो, कप्तानबाईला, त्याच्या आवडत्या मैत्रिणीला, कांद्यासारखं सोलतो, आणि मधूनमधून नम्रपणे विचारतो, ‘माफ करा, आपली ओळख?’ टोबिननं हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीतले सगळे पोट धरून हसले. ओरेस्टलाही ते विनोदी आहे हे कळत होतं. विनोदीच होतं ते.

संवाद दुपारपर्यंत बरे झाले. रंगीत कागद कामी आला. मग शेवटी मारामारीचे आवाज घ्यायचे राहिले. ते नेहमी शेवटी घेतात, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. यादी वाचून कॅरिस सांगायची: पोटात गुडघा. कानशिलावर ठोसा. मान पिरगाळणं, लांब. तुम्ही मारताय. आता तुम्ही खाताय. ओरेस्ट हे डोळे मिटून करायचा. मिटल्या डोळ्यांपुढे बर्फ यायचं, वरचे दिवे, काचेला चिकटलेली तोंडं. शरीराला सगळं पाठ होतं.

‘छान,’ कॅरिसचा आवाज आला. ‘माइक खाली सरकलाय. थांबा, मी आत येऊन नीट करते.’

एवढं त्याला आठवतं.

त्यानंतरचं जे आठवतं ते असं, की तो जमिनीवर बसलेला आहे आणि पाठ काचेला टेकलेली आहे. माइकचा स्टँड हात कोपरात वाकवावा तसा वाकलेला. दार सताड उघडं. बाहेरच्या बोळात कॅरिस खुर्चीवर बसलीय, डावा हात उजव्या हातात धरून, आणि कुणीतरी कॅन्टीनमधल्या गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी तिच्या मनगटावर दाबतंय. टोबिन दारात उभा. त्याचा चेहरा कागदासारखा.

‘काय झालं?’ ओरेस्टनं विचारलं.

टोबिननं कॅरिसच्या मनगटाकडे पाहिलं.

‘मी केलं?’

‘काही नाही झालेलं,’ कॅरिस म्हणाली. तिचे दात वाजत होते. ‘तुम्ही भूमिकेत होतात. मीच न सांगता आत आले.’

‘सांगून आलीस. माइक सरकलाय म्हणालीस.’ एवढं त्याला पक्कं आठवत होतं आणि त्याला तो धरून राहिला. ‘चालू होतं ना? ध्वनिमुद्रण चालू होतं ना? मला ऐकव.’

टोबिन म्हणाला, नको. म्हणाला, घरी जा, झोपा, उद्या बोलू. ओरेस्ट उठला तसे दोघंही दचकून मागे सरले. तो पुन्हा खाली बसला, आपले हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले आणि बसल्या जागेवरून म्हणाला, ‘पोरांनो, मी तुमच्या पाया पडतो. माझ्याशिवाय सगळ्यांनी ते पाहिलंय. मला ऐकू द्या.’

शेवटी कॅरिसनंच ते लावलं, उजव्या हातानं.

आधी दार उघडल्याचा आवाज. मग तिचा, ‘जरा डावीकडे व्हाल?’ मग त्याचा श्वास. मग त्याचा आवाज, पण डोझरचा नव्हे. तीस वर्षांपूर्वीचा, तरुण, जवळजवळ आनंदी. ‘टाक हातमोजे.’ कॅरिस हसते, म्हणते, काय? ‘टाक म्हणतो ना, रेजाँ. चल. लोक उभे राहिलेत.’ आणि लांबून, काचेपलीकडच्या उघड्या माइकमधून, टोबिनचं हसू. अगदी मनापासूनचं, खदखदून. ‘अरे देवा, हे घ्या, हे सगळं घ्या,’ तो म्हणतो. मग कॅरिसची किंकाळी. हसू आणखी तीन-चार क्षण चालूच राहतं आणि मग मधेच तुटतं.

ध्वनिफीत संपली तेव्हा टोबिन खोलीत नव्हता. बाजूच्या न्हाणीघरातून त्याच्या ओकण्याचा आवाज येत होता.

तो परत आल्यावर ओरेस्टनं सगळं सांगून टाकलं. शिट्टीपासून. कागदाचे रंग, खिशातली चिठ्ठी, भिंतीचं भोक, पितळी कडी. टोबिन ऐकत होता आणि मधेच त्यानं विचारलं, ‘म्हणजे हे सगळं वर्ष... आम्ही जे जे लिहिलं...’

‘लिहिलंस तू. मी नुसता वाचत होतो.’

‘सांगितलं का नाहीत?’

‘सांगितलं असतं तर तू हसला असतास का?’ ओरेस्ट म्हणाला. ‘तुम्ही हसत होता तोवर तो विनोद होता रे. मला तेवढाच आधार.’

ल्यूबा त्याला न्यायला आली. कॅरिसच्या मनगटाला चीर गेली होती. तिनं कुणाकडे तक्रार केली नाही, आणि त्या न केलेल्या तक्रारीखाली ओरेस्ट पुढचे कित्येक दिवस दबून राहिला. गाडीची चावी त्यानं त्याच संध्याकाळी ल्यूबाच्या हातात दिली. तिनं घेतली, ‘राहू दे’ म्हणाली नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जाईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. दोन दिवस तपासण्या चालल्या. घड्याळाचं चित्र काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात सात वजा करा. पाच शब्दांपैकी त्याला दोन सांगता आले आणि त्यातला एक त्यानं अंदाजानं ठोकला होता. डॉक्टर सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या या आजाराची पक्की खात्री माणूस गेल्यावर मेंदू उघडूनच होते, पण तुमचा इतिहास आणि मेंदूचे हे फोटो पाहता मी पैज लावायची तर त्यावरच लावीन. बरा होणार नाही. किती वेगानं वाढेल, सांगता येत नाही. मग त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. ल्यूबाशी दोन मिनिटं बोलायचं होतं.

बाहेरच्या खुर्चीचं आणि त्या दाराचं अंतर चार हातांचं, आणि दार नीट लागलं नव्हतं. ओरेस्टला आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर सांगत होत्या, हे मी सगळ्यांनाच विचारते. घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?



ओरेस्ट उत्तराची वाट पाहत होता. त्याला वाटलं, हिनं ‘हो’ म्हणावं. म्हणजे आज घरी जाता येईल, आपल्या खुर्चीत बसता येईल, ती कांदा परतेल. त्याला आजवर एवढं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

‘हो,’ ल्यूबा म्हणाली. ‘तो मला कधी काही करणार नाही.’

तो आवाज त्याला ओळखीचा होता. सामन्यानंतर पत्रकारांनी ‘डोकं कसं आहे?’ विचारलं की अकरा वर्षं त्याच्या तोंडून तोच निघाला होता.

 दोनशे वेळा बर्फावर हातमोजे टाकताना तो कधी इतका घाबरला नव्हता. तो उठला, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबला, आत गेला नाही.

‘ती खोटं बोलतेय,’ तो म्हणाला. ‘घरात कडी लावून झोपते. नोव्हेंबरात एका रविवारी मी तिच्यावर धावून गेलो असणार, कारण भोक तिच्या डोक्याच्या उंचीवर आहे, माझ्या नाही. मी मोजून पाहिलंय.’

ल्यूबा ओरडली नाही. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि ती इतका वेळ, जराही आवाज न करता रडली, की डॉक्टरांनी पुढचा रोगी परत पाठवला.

‘मला घरी पाठवू नका,’ ओरेस्ट म्हणाला. ‘आज मला हे म्हणता येतंय. पुढच्या महिन्यात मी कदाचित भांडेन. मी भांडलो तरी ऐकू नका. कुठे सही करायची ती आत्ता सांगा.’

आश्रमात जागा मिळायला एप्रिल उजाडला. तोवर ल्यूबा बहिणीकडे राहिली आणि टायरच्या दुकानातला त्याचा जुना सहकारी, सहा फुटी, अंगाई म्हणावी तशा मऊ आवाजाचा, ओरेस्टच्या घरी येऊन राहिला. हंगामाचा शेवटचा भाग दाखवला गेला नाही. टोबिननं वरच्यांशी भांडून तो काढून टाकला आणि त्याच्या जागी एक जुनाच भाग पुन्हा लावला. लोकांनी शिव्या घातल्या. डोझर पुढं राहणार की नाही हे विचारायला टोबिन एकदा आला, वाफाळती कॉफी घेऊन, पण अर्धा तास बसून विचारलंच नाही. ध्वनिफितीची एक प्रत ओरेस्टनं मागून घेतली आणि डॉक्टरांकडे दिली. त्यांच्या विद्यार्थ्यांना ऐकवा, म्हणाला. दोन बोटं दाखवून काही कळत नाही हे त्यांना कळू दे.

ओरेस्टचा आश्रम व्हँकूवरजवळच्या बर्नबीच्या टेकडीवर आहे. खोलीला मोठी खिडकी, ती चार बोटंच उघडते. भिंती धुता येणाऱ्या. परिचारक दोघं मिळूनच आत येतात. पहिले काही आठवडे ओरेस्ट दर सकाळी डोळे उघडले की आधी आपली बोटं तपासायचा, मुठी उलट्यासुलट्या करून. साल गेलेली नसली तर मग पांघरूण काढायचा. अजूनही तपासतो. कुणाच्या तरी ओरडण्यानं दुपारी दचकून उठला तर तो आधी विचारतो, मी होतो का? बहुतेक वेळा तो नसतो. दोनदा होता.

ल्यूबा बुधवारी आणि रविवारी येते. डब्यात कधी पेरोगी आणते, कधी कोबीत गुंडाळलेला भात. ती यायच्या आधी तो अर्धा तास तयारी करतो. दाढी करतो. टेबल खिडकीशी ओढतो आणि आपली खुर्ची त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकवून ठेवतो, म्हणजे उठायचं झालं तर त्याला आधी टेबल सरकवावं लागेल. तिची खुर्ची तो दाराशी ठेवतो. दार उघडंच असतं. खुर्चीचं तोंड दाराकडे थोडं वळवून ठेवतो, आणि मग स्वतः तिच्यावर बसून, झटकन उठून, किती पावलांत बोळात जाता येतं ते एकदा पाहून घेतो. दोन पावलं लागतात.

मग तो आपल्या जागी जाऊन बसतो आणि हात मांडीवर ठेवून तिची वाट पाहतो.